चार रेघांच्या वहीची घाई

कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी अर्धा तास बसलं, की तीन वर्षांच्या मुलांची प्रगती आपोआप कानावर येते. एकीचा मुलगा कॅपिटल लेटर्स झेडपर्यंत लिहितो. दुसरीच्या मुलीला पन्नासपर्यंत आकडे लिहिता येतात, तेही उभे-आडवे न होता. तिसरी गप्प बसलेली असते, कारण तिची लेक अजून नुसती मातीत खेळते. दुसऱ्या दिवशी ही तिसरी आई कोपऱ्यावरच्या दुकानातून चार रेघांची वही, जाड पेन्सिल आणि भिंतीवर चिकटवायचा तक्ता घेऊन येते, आणि लेकीची मातीची वेळ वहीकडे जाते.

या आईला दोष देण्यात अर्थ नाही. चहूबाजूंनी तिला एकच ऐकवलं जातं: पोर मागे पडेल. पण जी रीत तिला ही भीती घालते तिला दोष दिलाच पाहिजे, आणि तोही स्पष्ट शब्दांत. मुलांचं बालपण मोठ्यांच्या प्रतिष्ठेपायी आवरतं घ्यायची सवय आपल्या समाजाला जुनीच आहे. ती ज्यांनी अंगावर सोसली, त्यांतल्याच काहींनी पुढे बालशिक्षणाचं काम हाती घेतलं. अनुताई वाघ यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ साली ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. तिथल्या बालवाडीत आलेल्या मुलाचे आधी हातपाय धुतले जात, केस विंचरले जात. मग गाणी, गोष्टी, बिया आणि शंखशिंपल्यांचे खेळ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात मॉन्टेसरी पद्धत पाहिली होती, राबवली होती. तिचं महागडं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं, म्हणून या बायांनी पानाफुलांतून आणि दगडगोट्यांतून ते उभं केलं. गिजुभाई आणि ताराबाईंचा नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला १९२६ मध्ये. म्हणजे चिमुरड्या मुलाला वहीला जुंपू नका, हे मराठी माणसाला सांगायला सुरुवात होऊन शतक होत आलं.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की खुद्द मॉन्टेसरीबाईंच्या शाळेत चार-पाच वर्षांची मुलं लिहायला-वाचायला लागली होती ना? लागली होती. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. पण लिहिणं-वाचणं शिकवायचा बाईंचा मुळात बेत नव्हता. वस्तीतल्या आयांनी, ज्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, त्यांनी आग्रह धरला, तेव्हा बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांच्या हाती दिली. मुलानं त्यावर बोट फिरवायचं, आवाज म्हणायचा, कंटाळा आला की ठेवून उठायचं. तोवर त्या हातांनी बटणं लावणं-काढणं, ठोकळे बसवणं, आकारांच्या कडा चाचपणं हे सगळं कितीतरी दिवस केलेलं होतं. आपल्याकडे गल्लोगल्ली पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असतं आणि आत बाकं आणि वह्या असतात. त्या पाटीचं मॉन्टेसरीबाईंशी काही नातं नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाचा गृहपाठ एकदा शेजारी बसून पाहावा. पेन्सिल मुठीत धरलेली असते, कारण तीन बोटांच्या चिमटीत ती पेलण्याइतके बोटांचे लहान स्नायू अजून तयार झालेले नसतात. सगळा जोर खांद्यातून येतो. त्यामुळे एक तर कागद फाटतो किंवा रेघ चौथ्या ओळीखाली उतरते. आई मुलाची मूठ आपल्या मुठीत घेते आणि तिसऱ्या ओळीपासून अक्षर खरं तर आईच काढत असते. मुलाचं लक्ष पंख्याकडे. सातव्या ओळीला आवाज चढतो, नवव्या ओळीला धपाटा बसतो, आणि पान पुरं झालं की सकाळी बाई त्यावर लाल शाईनं चांदणी काढतात. या सगळ्या खटाटोपात मूल वाचायला शिकलं का? नाही. त्यानं एका आकाराची वीस चित्रं काढली. त्या आकाराला आवाज आहे, आवाज जोडले की शब्द होतो, आणि त्या शब्दाला अर्थ आहे, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

बरं, एवढं करून पुढची आघाडी तरी टिकते का? न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं यांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट वाचनात बरोबरीला आले होते, आणि मजकूर समजण्यात उशिरा शिकलेली मुलं किंचित सरसच होती. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं प्रवेशाच्या वेळी मुलाची परीक्षा घ्यायला बंदी आहे, पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. कागद सगळे मुलाच्या बाजूचे आहेत. वही मात्र दुकानातून संपत नाही, कारण ती आपणच विकत घेतो.

इथपर्यंत वाचून काही पालकांना हायसं वाटेल. चला, म्हणजे काही करायला नको, मूल आपलं आपण शिकेल, नाही तर शाळा बघेल. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान नाही. बोलणं मूल ऐकून शिकतं, त्यासाठी कोणी शिकवणी लावत नाही. वाचणं तसं येत नाही. लेखन ही माणसानं जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी शोधलेली युक्ती आहे आणि ती प्रत्येक मुलाला कोणीतरी शिकवावीच लागते. शाळा बघते म्हणावं, तर ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. म्हणजे पाच वर्षं शाळेत जाऊनही निम्म्याहून अधिक मुलं दुसरीच्या धड्यावर अडखळतात. इमारत आहे, पुस्तक फुकट आहे, खिचडी आहे, शिक्षक आहेत, आणि वाचन नाही.

असं का होतं, याचा एक धागा पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सापडतो. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड शाळांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं अभ्यास केला. वर्गात मुलं मुळाक्षरं आणि बाराखडी यांतच अडकून पडलेली दिसली. आधी सगळी अक्षरं, मग सगळ्या काना-मात्रा, मग शब्द, मग वाक्य, आणि अर्थाचं बोलणं सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर. तो बहुधा उरत नाही.

आपली लिपी सोपी आहे, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानानं म्हणतो. मोठ्यांना ती सोपी आहे. मुलाच्या जागी बसून पाहा. बाराखडीसकट चारशेच्या वर आकार ओळखायचे असतात. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, ‘सुऱ्या’मध्ये निराळाच. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च लिहायला एक आणि म्हणायला दोन. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की अशा लिपीवर पूर्ण हुकमत यायला तिसरी-चौथी उजाडते. मराठीचा सांगाडा तोच आहे. त्यामुळे पाचव्या वर्षी मुलाला अख्खी बाराखडी यावी, ही अपेक्षा मुळातच चुकीची.

आणि तक्त्याचा क्रम तरी कशासाठी? ‘ग म भ न’ हा क्रम आकार सारखे म्हणून, हात वळावा म्हणून जुळवलेला, लिहिण्याच्या सोयीचा. वाचण्याच्या सोयीचा निराळा असतो. तक्त्यावर ‘ण बाणाचा’ असतो कारण ‘ण’नं सुरू होणारा शब्दच मुलाच्या जगात नाही. ‘ञ’ तर मुलाला पुढे दहा वर्षांत क्वचितच भेटेल. तरी तो घोकायचा. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पण इथल्याच झालेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी शाळा काढली. वाचनापासून दूर राहिलेल्या वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवताना त्यांनी अक्षरांच्या छोट्या गटांची वाट धरली. सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेसारख्या संस्थाही अशाच गटांनी जातात. घरी ही गोष्ट कुणालाही जमेल. म, क, ल, र ही चार अक्षरं आणि काना, एवढंच घ्या. मामा, काका, लाल, माल, मला, काम, कमाल, रमा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘काका, काम करा’ हे वाक्य मूल स्वतः वाचतं आणि घरात काका असेल तर त्याची धडगत नसते. दुसरी वेलांटी जोडली की मी, काकी, मामी, मीरा आले. प्रत्येक पायरीवर हाती शब्द लागतो, शब्दाला अर्थ असतो, आणि अर्थाचा उपयोग करता येतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून पत्ते करावेत, बाजारातले फ्लॅशकार्ड लागत नाहीत.

हे कधी? पाच-सहाच्या आसपास, आणि मुलानं विचारायला सुरुवात केल्यावर. मूल विचारतंच. एसटीच्या कपाळावरचा बोर्ड, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, दुकानाची पाटी, स्वतःच्या डब्यावर नेलपेंटनं लिहिलेलं नाव. ‘हे काय लिहिलंय?’ हा प्रश्न आला की उत्तर द्यावं, आणि उत्तरावर परीक्षा घेऊ नये. ‘मग सांग बरं, यातला क कुठला?’ असं सुरू झालं की मूल पुढच्या वेळी विचारत नाही.

त्याच्या कितीतरी आधी, अगदी वर्षा-दीड वर्षापासून, पालकांनी करायचं खरं काम वेगळंच आहे: रोज वाचून दाखवणं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं. वाचून दाखवण्यात शिकवण्याचा आव नसावा. मूल मांडीवर, पुस्तक दोघांच्या मधे, बोट ओळीखालून सरकतंय, एवढंच. मूल पान मागे उलटेल, उलटू द्या. एकाच पुस्तकाचा हट्ट महिनाभर धरेल, धरू द्या. तुम्ही कंटाळून एक वाक्य गाळाल आणि तीन वर्षांचं पोर लगेच पकडेल: ‘नाही, तसं नाहीये!’ अक्षर ओळखता येत नाही, तरी मजकूर ठरलेला असतो, बोलण्यासारखा बदलत नाही, हे त्याला कळलेलं आहे. ही समज चार रेघांच्या शंभर वह्यांनी येणार नाही. ‘एकदा’, ‘तेवढ्यात’, ‘इतका की’, ‘नाही तरी’ असले पुस्तकी मराठीचे सांधे स्वयंपाकघरातल्या बोलण्यात फारसे येत नाहीत, गोष्टीत येतात. पुढे तिसरीचा धडा समजतो तो या सांध्यांच्या जोरावर.

पुस्तकं मराठीत आहेत, नाहीत ही तक्रार आता टिकत नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका आहे, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त चित्रपुस्तकं आहेत, ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. जरा मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. मोबाइलवरच्या गोष्टीला माझी हरकत नाही, पण ती पालकानं वाचावी, फोननं नव्हे. आणि ‘पालक’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त आई येते, तेही सुधारायला हवं. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून दहा मिनिटं ‘राधाचं घर’ वाचल्यानं त्यांच्या बाबापणाला काही कमीपणा येत नाही.

आता माध्यमाचा प्रश्न, जो टाळता येत नाही. ज्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, त्या घरातल्या मुलाला पहिलं वाचन इंग्रजीत शिकवणं म्हणजे त्याला न समजणाऱ्या शब्दांचे आवाज जोडायला लावणं. त्यातून इंग्रजीचं वाचन युरोपातल्या भाषांतही सगळ्यांत किचकट. तेरा युरोपीय भाषांच्या तुलनेत, इतर बहुतेक भाषांतली मुलं वर्षभरात जेवढं वाचायला शिकली तेवढं शिकायला इंग्रजी मुलांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यांची तर ती मातृभाषा. शाळा इंग्रजी निवडली असेल तर असो, तो वाद इथे नको. पण घरात पहिलं वाचन मराठीतच होऊ द्या. अक्षरांतून अर्थ काढायचा असतो हे एकदा एका भाषेत उमगलं, की दुसऱ्या भाषेत नवी लिपी शिकायची उरते, वाचणं म्हणजे काय ते पुन्हा शिकावं लागत नाही. आणि दुसरी संपत आली तरी मूल वाचत नसेल, तर हात उगारण्याऐवजी डोळ्यांच्या आणि कानांच्या डॉक्टरांकडे वळावं. डिसलेक्सियाचीही तपासणी करून घ्यावी.

आतापर्यंतचं सगळं बोलणं ज्यांच्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत किंवा घेता येतात, त्यांच्याशी झालं. इथेच थांबलो तर हा लेख सोसायटीच्या बागेपुरताच राहील. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिला आपण पालकसभेत सांगतो: ‘घरी अभ्यास घ्या.’ ती मान खाली घालते. तिला ओव्या येतात, कहाण्या येतात, तिच्या बोलीत कोल्ह्या-माकडांच्या गोष्टी येतात, आणि वाचनाला लागणारी भाषा तिथेच तयार होते, हे तिला शाळेनं कधी सांगितलेलं नसतं. उलट वारली, पावरी किंवा कोरकू घरातल्या मुलाला पहिल्याच दिवशी कळतं की आईची बोली वर्गात चालत नाही. त्या आईला शाळेत बोलवावं, तिची गोष्ट वर्गात सांगायला लावावी, ती फळ्यावर लिहावी, आणि मुलांनी तीच पहिल्यांदा वाचावी. शब्दांविना चित्रांची पुस्तकं घरी द्यावीत, निरक्षर आईही त्यावरून गोष्ट सांगू शकते. पाचवीतल्या ताईनं धाकट्याला वाचून दाखवावं, दोघांचंही वाचन सुधारतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे गाऱ्हाणं मांडलं, की सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि शेतकऱ्याच्या मुलाचं प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहतं. सोसायटीतलं मूल चौथ्या वर्षी वाचलं काय आणि सातव्या वर्षी वाचलं काय, ते वाचणारच आहे. त्याच्या वहीवर आपण खर्च करतो तो पैसा, वेळ आणि काळजी ज्या मुलाला खरोखर हवी आहे ते गावच्या शाळेत पाचवीत बसून दुसरीचा धडा पाहत आहे.

तेव्हा येत्या पालकसभेत वहीची पानं मोजू नका. वर्गात गोष्टीची पुस्तकं किती आहेत, ती मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर आहेत की कपाटात कुलूपबंद, आणि बाई रोज एक गोष्ट वाचून दाखवतात का, एवढं विचारा. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर बालविभाग उघडा ठेवा म्हणून ग्रंथपालाच्या मागे लागा. बालविभागच नसेल तर ग्रामसभेत मागा. आणि घरी रात्री पुस्तक उघडाल तेव्हा घरकामाला येणाऱ्या मावशींचं, वॉचमनदादांचं, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांचं मूलही बोलवा. गोष्ट एकाला वाचा किंवा पाच जणांना, वेळ तेवढाच लागतो.